दार लावण्याआधी

"आज त्यायनं डब्बा लावताना बी हाक मारली व माय."

"हाव? भाकर लपून बसली असन आत."

दोघी बाया हसल्या. ज्वारी पाखडणाऱ्या सुपांचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी आत मामांच्या कचेरीत, खिडकीशी, मांडीवर सरकारी कागद घेऊन बसले होते. बाहेर ओट्यावर जयरामकाका आपला पितळी डबा फडक्यात बांधत होते. बायांचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी फडक्याची गाठ मारली, कानाशी नेऊन डबा हलवला आणि म्हणाले, "हसा. दात दिसले का समजते, कोन जितं हाय."

सुपं पुन्हा थांबली.

जयरामकाका माझ्या मामांच्या गोदामाचे दिवाणजी होते. गोदाम अमडापूरच्या बाहेर, खामगावच्या रस्त्याला. दगडी भिंती, वर पत्रा, पुढं लांबलचक ओटा. कधीकाळी तिथं कापूस भरला जायचा. कापसाचे व्यापारी गेले, गोदाम ओस पडलं, आणि मामांनी ते घेतलं तेव्हा जयरामकाका त्या गोदामाबरोबरच आले, जशी जुन्या घराबरोबर चिंच येते.

कुठलंही दार लावण्याआधी ते आत तोंड करून हाक मारायचे. "कोन हाय आत? निंगा बाहीर." तीनदा. दोन हाकांच्या मध्ये थांबायचे, मान तिरकी करून. गोदामाचं मोठं दार असो, कचेरीचं असो, बैलगाड्यांच्या छपराचं फाटक असो. मामांच्या लोखंडी कपाटालासुद्धा मी त्यांना हाक मारताना पाहिलं आहे. ते कपाट इतकं अरुंद होतं की त्यात मांजर शिरलं असतं तर उभंच राहिलं असतं. छत्री मिटतानाही ते हाक मारतात असं हमाल सांगायचे, पण ते खोटं होतं. हमालांनी रचलेलं होतं.

ते उंच होते आणि दारांना वाकून वाकून खांद्यात वाकले होते. धोतरावर काळा कोट, तोही मे महिन्यात. कोटाच्या एका खिशात काडेपेटी आणि कंदिलाची जास्तीची वात, दुसऱ्यात लाकडी फणी. कोणी अधिकारी येणार असला की फणी बाहेर निघायची. तेल लावलेले केस ते भिंतीवरच्या सावलीत पाहून विंचरायचे. कुठल्याही पोत्यातून चार दाणे काढून दाढेखाली घालायचे आणि कटकन मोडले नाहीत तर थुंकून म्हणायचे, "ओली हाय. घाम येऊन राह्यला इले." चहा वाईट म्हणून ते स्वतःसाठी कधी मागवायचे नाहीत. दुसऱ्याच्या कपातला बशीत ओतून घ्यायचे. दाराकडे पाठ करून ते कधी बसल्याचं मला आठवत नाही.

मी तिथं दीडएक वर्ष होते. अमरावतीच्या कॉन्व्हेंटमधून नुकतीच मॅट्रिक झाले होते, वडिलांची रेल्वेत बदली झाली होती, नव्या गावी बिऱ्हाड मिळेपर्यंत आईनं मला तिच्या भावाकडे ठेवलं. माझं मराठी पुस्तकातलं होतं आणि इंग्रजी शाळेतलं. अमडापुरात दोन्हींना कोणी वाईट म्हटलं नाही, पण मी तोंड उघडलं की बाया एकमेकींकडे बघायच्या. म्हणून मी तोंड उघडणं कमी केलं. बायांनी माझं नाव मडमबाई ठेवलं. काका मला पोरी म्हणायचे.

"मोठ्यानं बोल पोरी," ते सांगायचे. "तुवा आवाज उंबऱ्यावरच बसून राह्यते. पाय बाहीर टाकतच नाही."

मला तिथं काम लागलं ते नियमांमुळे. महाराष्ट्र होऊन थोडेच दिवस झाले होते. कागदांवरचे शिक्के नवे होते, आतली भाषा मात्र इंग्रजीच. सरकारला ज्वारी साठवायला खाजगी गोदामं हवी होती. पण जशी आहेत तशी नकोत. पत्र्याखालचं गोदाम उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं. कापसाला त्याचं काही नसतं, धान्य मात्र तापलं की किडतं. म्हणून नियमात असं होतं की छताला वरून पांढरा चुना द्यावा, खालून फळ्यांची तक्तपोशी ठोकावी आणि मध्ये हवेला जागा ठेवावी. जमिनीतली ओल वर येऊ नये. आत विजेचे दिवे नकोत. छतात काचेचे पत्रे बसवून दिवसाच्या उजेडात काम व्हावं. झरोके उंचावर, जाळीचे, आणि बाहेरून बंद होतील असे. दारं इतकी घट्ट की आत धूर केला तर बाहेर येऊ नये. गावात विजेचे खांब नुकतेच आले होते आणि मामांना गोदामात पंखे लावायची फार हौस होती. मी तो परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी कागद उलटून मागं पाहिलं.

"म्हणजे बिनपंख्याचं थंड?" त्यांनी विचारलं.

"हो मामा. बांधणीनंच थंड."

मामांनी सगळं त्यावर लावलं होतं. ज्वारीच्या आधी गोदाम पास झालं तर सरकारी धान्य येणार होतं, आणि नाही झालं तर ते चिखलीच्या गोदामात जाणार होतं. मग आमचं पुन्हा कापसाचं पडकं घर होणार, आणि काका, हमाल, पाखडणाऱ्या बाया, सगळे दुसरं काम शोधायला निघणार. हे ओट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

सुताराने पहिल्या झरोक्याला झडप बसवली तेव्हा काका खाली उभं राहून बघत होते.

"नाक बुजवून राह्यले तुम्ही याचं," ते म्हणाले.

"काका, उघडता येते ती," मी म्हणाले.

"बंद बी करता येते ना?"

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला गोदामामागं नेलं. तिथं बाभळीखाली जमिनीत एक दगडी झाकण होतं. जुनं पेव. धान्य जमिनीत पुरून ठेवायचा खड्डा, वर तोंड लहान आणि खाली पोट मोठं. त्यात आता काही नव्हतं, तळाला कधीचे कुजलेले दाणे असतील तेवढे. काकांनी झाकण बाजूला सरकवलं, कंदील पेटवला आणि दोरीला बांधून आत सोडला.

ऊन रणरणत होतं. मी वाकून बघितलं. कंदील खाली गेला, भिंती पिवळ्या दिसल्या, मग ज्योत आखडली, निळी झाली, आणि गेली. वारा नव्हता. कोणी फुंकर मारली नव्हती.

"विझला," मी म्हणाले.

"खाल्ला," काका म्हणाले. "दाना जिता असते पोरी. बंद केला का आतली हवा खाते. हवा सरली का तुले खाते."

त्यांचा मोठा बाप, म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ, असाच एका पेवात दिवा न सोडता उतरला होता. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला. तोही आला नाही. काका तेव्हा लहान होते. झाकणाशी उभे होते. "वरून दिसत होते दोघं," त्यांनी सांगितलं. "झोपल्यावानी. तवापासून आमच्या घरात दिवा पयले जाते, मानूस मंग. अन् उघडल्यावर पयला पाय घरच्या मोठ्याचा. अन् बंद कराच्या आंधी हाक." एवढं बोलून ते झाकण सरकवायला वाकले, आणि रिकाम्या पेवात तोंड घालून त्यांनी तीनदा हाक मारली. आतून ती जाड होऊन परत आली. मला तिथून निघावंसं वाटलं, पण ते दोरी गुंडाळत होते आणि ती नीट गुंडाळल्याशिवाय हलणार नव्हते.

ते सगळ्या बाबतीत बरोबर असत असं नाही. नव्या जमिनीत चुना, गूळ आणि बेलफळ घालायचा त्यांनी हट्ट धरला. बुलडाण्याहून येणारे तपासणी साहेब, एक तरुण आणि शांत गृहस्थ, नाही म्हणाले. काकांनी तरी कोपऱ्यात आपल्या पद्धतीचा एक तुकडा करून घेतला. पंधरवड्यात तो तडकला आणि त्यातून मुंग्या निघाल्या. हमालांनी त्या मुंग्यांना साखर घातली. दोन दिवस काका कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेबांना म्हणाले, "गूळ खराब होता." काचेचे पत्रे पहिल्या गारपिटीत फुटतील असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. गारपीट झाली. पत्रे फुटले नाहीत. "गारा लहान होत्या," ते म्हणाले.

वैशाखात काम पुरं झालं. बाहेर ओट्याचा दगड पायाला चटके देत असायचा, आणि दार ढकलून आत पाऊल टाकलं की माठाच्या पोटात शिरल्यासारखं वाटायचं. वरून काचेतून पांढरा उजेड यायचा, ऊन नाही. गावात बातमी पसरली. लोक बघायला येऊ लागले. आता काका पूर्वी कधी नव्हते इतके ताठ उभे राहायला लागले. दाराशी उभं राहून ते एकेकाला आत सोडायचे. "चपला काढा. लक्ष्मीचं घर हाय. आत थुकू नोका. ओट्याले हात लावून पाहा, मंग भिंतीले लावा." जणू ती थंडी त्यांनी स्वतः विहिरीतून शेंदून आणली होती.

मग जे व्हायचं तेच झालं. सगळ्या गावात थंड जागा एकच. दुपारची भाकरी झाली की हमाल आणि बाया पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन आडवे होऊ लागले. गोदाबाई नावाची एक म्हातारी पाखडणारी होती. तिला तर तिथं अशी झोप लागायची की घोरण्यानं जागा सांगावी लागायची. मामा रागावले. काकांनी मध्ये पडून परवानगी मिळवली, पण एका अटीवर. अट त्यांनी ओट्यावर सगळ्यांना उभं करून सांगितली.

"हाक आली का उठाचं. काऊन म्हून इचाराचं नाही. लुगडं सावरत बसाचं नाही. निंगाचं."

दारातल्या चपला मोजून आत कोणी आहे का ते कळलं असतं, असं मी एकदा म्हणाले. काकांनी मान हलवली. "चपलीचा भरोसा नाही पोरी. चपल इकडं असते, मानूस तिकडं."

एका संध्याकाळी ते दारातून हाक मारत होते. पहिली हाक गेली, दुसरी गेली, आणि आतून, थप्प्यांच्या मागून, जाड आवाज आला: "मी हाओ रे जयराम. तुवा मोठा बाप."

तो श्रावण होता, हमालांतला सगळ्यात चेष्टेखोर. बाहेर दोघंतिघं तोंडात पदर, उपरणं कोंबून हसत होते. काका वळले नाहीत. दाराला धरून उभे राहिले, मग हळूच उंबऱ्यावर बसले. पुष्कळ वेळ बसले. उजेड काचेतून उतरत गेला. शेवटी श्रावण खाली मान घालून स्वतःच बाहेर आला.

"बापा," काका त्याला म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "मेल्यानं हाकेले ओ देल्ली त चालते. जित्यानं नाही देल्ली त नाही चालत."

त्या दिवसानंतर हाकेची चेष्टा बायांपुरती राहिली. श्रावणानं पुन्हा केली नाही. उलट काकांची तिसरी हाक झाल्याशिवाय तो दाराला हात लावत नसे.

राहिली होती ती औषधाची परीक्षा. आत ज्वारीची पोती ठेवून, गोदाम बंद करून, त्यात किडे मारायचं औषध सोडायचं, आणि ते बाहेर गळत नाही हे दाखवायचं. साहेब औषधाच्या वड्या बंद डब्यात घेऊन आले. डब्यावरचं इंग्रजी मी सगळ्यांना मराठीत सांगितलं. वडीतून लसणासारख्या वासाचा वायू निघतो. किड्याला मारतो तसा माणसालाही मारतो. उघडल्यावर पूर्ण दिवस दारं-झरोके उघडे ठेवायचे आणि साहेबांनी सांगितल्याशिवाय कोणी आत जायचं नाही.

"अन् दिवा?" काकांनी विचारलं.

"दिवा तर मुळीच नाही," साहेब म्हणाले. "दिव्याला एवढंच कळतं की हवा आहे. हवेत काय आहे ते त्याला कळत नाही."

मी तेही सगळ्यांना सांगितलं, दोनदा, आणि त्या दिवशी माझा आवाज ओट्याच्या टोकापर्यंत पोचला. काकांनी ते ऐकलं. साहेबांकडे बघून नमस्कारासारखा हात केला. साहेब वड्या ठेवायला आत गेल्यावर म्हणाले, "आमच्या चार पिढ्या दिव्यानं राखल्या. याच्या वडीनं किती राखल्या?"

दार लावलं तेव्हा सगळा ओटा गोळा झाला होता. तीन हाका झाल्या. श्रावणानं दार ओढलं, काकांनी खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या फटीवर एकेक करून चिकटवल्या, वर, खाली, मध्ये. जखमेवर पट्टी बांधावी तशा, अंगठ्यानं दाबून. झालं तरी ते तिथून हलेनात. दाराला कान लावून उभे.

"काय ऐकता काका?"

"ज्वारी," ते म्हणाले.

उघडायच्या दिवशी साहेब सकाळच्या बसनं यायचे होते. बस आली नाही. काकांनी ठरल्याप्रमाणे पहाटेच बाहेरून झडपा सोडल्या, पट्ट्या फाडल्या, दोन्ही दारं सताड उघडून सगळ्यांना लांब बसवलं. इथपर्यंत त्यांनी नियमातला एक शब्द मोडला नाही. पण खामगावच्या रस्त्यानं ज्वारीचे ट्रक येऊन उभे राहिले, ठरलेल्या वेळेच्या आधीच. ड्रायव्हर भोंगे वाजवू लागले. एकानं खाली उतरून सांगितलं की चिखलीचं गोदाम तयार आहे, इथं उशीर असेल तर गाड्या तिकडं वळवतो. मामा ओट्यावर येरझारा घालत होते. एकदाच त्यांनी काकांकडे बघितलं.

काकांनी खिशातून फणी काढली आणि केस विंचरले. मग कंदील पेटवला.

"काका, साहेबांनी दिव्याला नाही सांगितलंय," मी म्हणाले.

"साहेबाचं साहेबापाशी. बंद केलं कोनं?"

"तुम्ही."

"मंग उघडल्यावर पयला पाय कोनाचा?"

मामा म्हणाले, "जयराम, थांबून पाहा अजून." पण त्यांचं लक्ष ट्रककडे होतं.

काकांनी उंबऱ्याशी कंदील हातभर आत धरला. भर दिवसाची ज्योत, दिसत नव्हती म्हणावी इतकी फिकट. ती सरळ उभी होती. आखडली नाही, निळी झाली नाही.

"पाह्य पोरी," ते म्हणाले. "किती शांत जयते."

त्यांनी चपला काढल्या आणि आत गेले.

काचेतून पडणाऱ्या उजेडात ते थप्प्यांच्या मधून चालताना दिसले, मग नुसता कंदील दिसला, मग तोही थप्पीआड गेला. एका पोत्यात बंबी, नमुन्याचे दाणे काढायची टोकदार नळी, खुपसल्याचा आणि दाणे तळहातावर ओघळल्याचा आवाज आला. ते दाढेखाली दाणे घालून बघत असणार. मग खोकला. आधी साधा, घशात कुसळ गेल्यासारखा. मग दुसरा. मला लसणासारखा वास आला, अगदी पुसट, आणि मला कळेना की तो खरंच येतोय की डब्यावर वाचलं म्हणून येतोय.

श्रावण उंबऱ्याकडे धावला तोच कंदील परत दिसला. तो सावकाश येत होता. काका एका हातानं थप्पी धरून चालत होते. दारापाशी आले, चौकट धरली, वाकले आणि कंदील उंबऱ्यावर ठेवला, तेल सांडू नये म्हणून सांभाळून ठेवतात तसा. मग बसले. मग एका कुशीवर कलले.

श्रावणानं त्यांना उचललं. ज्या ट्रकसाठी ते आत गेले होते, त्यातल्याच एका ट्रकमधून मामा त्यांना बुलडाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. ओट्यावर आम्ही राहिलो आणि तो कंदील. त्याच्याजवळ जायला कोणी तयार होईना. कितीतरी वेळानं साहेब आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग पुढं होऊन, श्वास रोखून, तो उचलला आणि लांब नेऊन विझवला. तोवर तो तसाच सरळ, शांत जळत होता.

गोदाम पास झालं. ज्वारी आली.

काकाही आले, आखाडात, अर्धे होऊन. कोट खांद्यावरून लोंबत होता. फाटकापासून ओट्यापर्यंत येताना ते मध्ये दोनदा थांबायचे आणि कोणी बघतंय असं वाटलं तर थांबायचं कारण म्हणून फणी काढायचे. डॉक्टरांनी त्यांना गोदामात जायची बंदी केली होती. मामांनी दाराबाहेर त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. दिवाणजी म्हणून चिखलीहून दुसरा माणूस आला. तो वाईट नव्हता. भराभर काम करायचा, मनगटावर घड्याळ होतं, आणि हाकेचं त्याला हसू यायचं. पण संध्याकाळी दार लावायची वेळ झाली की हमाल थांबायचे. काका खुर्चीतून हाक मारायचे. ती आता पातळ झाली होती, कापडातून गाळल्यासारखी. ती ऐकू यावी म्हणून बाया सुपं खाली ठेवायच्या. डब्यातल्या भाकरीबद्दल बोलणाऱ्या त्याच बाया.

"दिवा खोटं बोलला काका," मी एकदा म्हणाले. ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

"दिवा खरं तेच बोलला," ते म्हणाले, आणि दम घेतला. "त्याले जेवढं ठाव होतं तेवढं." पुन्हा दम. "हाक राह्यली पाह्यजे. हाकेले औषधाचं काही नाही."

थंडी पडली. उन्हाळ्यात थंड असलेलं ते गोदाम थंडीत उबदार राहायचं, आणि बाया पुन्हा दुपारी थप्पीमागं दिसू लागल्या. काकांना मात्र बाहेरचा गारठा बाधला. छाती आणखी भरली. वडिलांचं बिऱ्हाड लागलं, मला न्यायला पत्र आलं. मी निघाले त्या दिवशी दुपारी सामान बसथांब्यावर ठेवून काकांचा निरोप घ्यायला गोदामावर गेले. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. होळीच्या आत ते गेले.

त्याच दुपारी गोदाम औषधासाठी दुसऱ्यांदा बंद व्हायचं होतं. नवे दिवाणजी आत एक चक्कर मारून आले होते. दारात चपला नव्हत्या. वड्या ठेवून झाल्या होत्या, खळ डब्यात सुकत चालली होती. "चला, लावा," ते म्हणाले.

श्रावण दाराला हात लावून उभा राहिला. त्यानं काकांकडे बघितलं.

काका उठले. खुर्चीची पाठ धरली, मान तिरकी केली, आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी छातीवर हात ठेवून पुन्हा केलं. नुसता श्वास बाहेर पडला, शिट्टीसारखा, आणि मग खोकला.

"अरे लावा ना बे," नवे दिवाणजी म्हणाले. "मी पाह्यलं हाय आत. कोनी नाही."

श्रावण हलला नाही, पण तो हमाल होता आणि सांगणारे दिवाणजी होते. दार दोन बोटं सरकलं. बायांची सुपं थांबली होती. काकांनी माझ्याकडे बघितलं. ते खुणावत नव्हते, काही सांगत नव्हते. दोन हाकांच्या मध्ये थांबायचे तसे, मान तिरकी करून, ते थांबले होते.

त्यानंतरचं सगळ्या गावाला माहीत आहे. गोदाबाई थप्पीमागून निघाली, डोळे चोळत, पायात वहाणा नसलेली, आणि सगळ्यांचे चेहरे बघून तिला कळेना की झालं काय. वहाणेचा अंगठा तुटला होता म्हणून तिनं त्या उशाला घेतल्या होत्या. श्रावण जमिनीवर बसला. नव्या दिवाणजींनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. मी बस पकडली ती पळतच, आणि खिडकीतून मागं बघितलं तेव्हा काका खुर्चीत बसून केस विंचरत होते.

पण हे नंतरचं. त्याआधी मी ओट्याच्या पायऱ्या चढले, सगळ्यांच्या मधून, श्रावणाच्या हाताखालून त्या दोन बोटं सरकलेल्या दारापर्यंत गेले, उंबऱ्याच्या पुढं तोंड केलं, आणि मला तोवर ठाऊक नव्हता इतक्या मोठ्या आवाजात म्हणाले,

"कोन हाय आत? निंगा बाहीर."